घाटातलं धुकं कागदावर

जोतीराम खोत, म्हणजे अण्णा, एसटीवर एकतीस वर्षं ड्रायव्हर. त्यातली बावीस गेली कोल्हापूर–गगनबावडा–कोकण ह्या एकाच रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर अण्णा घरात बसून चहावाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना घाटातलं धुकं सांगायचे. शेवटी लेक क्रांती वैतागली. "अण्णा, सांगताय कशापाय? आता काढूनच दाखवा की!" म्हणाली, आणि तिनं परस्पर त्यांचं नाव शाहूपुरीतल्या जलरंगाच्या वर्गात घातलं.

एका दुकानाच्या माडीवर अनुजा मॅडमचा वर्ग, सहा जणांचा, आठ रविवार. बाकीची पाच क्रांतीच्या वयाची. अण्णांनी ब्रश गिअरच्या दांड्यासारखा मुठीत धरला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, धुक्याचा पांढरा रंग कुठं हाय?"

"काका, जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. धुकं रंगवायचं नसतं, सोडायचं असतं."

अण्णांच्या डोक्यात ते शिरेना. तीन रविवार त्यांनी कागद घासून घासून भोकं पाडली. डोंगर काढावा तर चिखल व्हायचा. चौथ्या रविवारी घरी येऊन म्हणाले, "न्हाय जमत. हात जड हाय माझा." पण पुढच्या रविवारी ते आपले आपणच निघाले.

त्या दिवशी मॅडमनी कागद ओला करून तिरपा धरला. "पाणी साचलेलं असताना रंग लावलात तर तो पळतो. कागद वाळला तर कडा उठते. चमक मरायला लागते तेवढ्यात लावायचा."

"पण ती वेळ कळायची कशी?" शेजारच्या मुबशिरानं विचारलं. ती शाळेत शिक्षिका होती. तिचेही दोन कागद फुकट गेले होते.

अण्णा खाली वाकले. डोळा कागदाच्या पातळीला आणला. ओल्या डांबरावर टायर घसरणार की धरणार, हे चमकेवरून ओळखण्यातच त्यांची बावीस वर्षं गेली होती. ते थांबले. सगळे बघत राहिले.

"आत्ता," ते पुटपुटले, आणि निळसर राखाडी रंगाचा एकच फटकारा मारून हात मागे घेतला.

डोंगराचा माथा तेवढा राहिला. खालचा भाग आपोआप विरत विरत कागदाच्या पांढऱ्यात गेला.

"काका, परत एकदा दाखवा की," मुबशिरा म्हणाली. त्यांनी दाखवलं. परत जमलं!

वर्गाच्या शेवटी मॅडमनी एका हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. अण्णांच्या चित्रात एक वळण होतं, दगडी कठडा होता आणि पुढे जाणाऱ्या गाडीचे दोन अंधुक लाल दिवे. खाली जागेचं नाव नव्हतं. त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर आकाराम चित्रापुढे येऊन उभे राहिले ते हलेचनात.

"आरं जोत्या, ह्ये आपलं वळण न्हवं? धुक्यात मला खाली उतरवून बॅटरी धरून गाडीम्होरं चालायला लावलंवतंस."

"व्हय, त्येच." अण्णा म्हणाले. न सांगता ओळखलं होतं गड्यानं.

पुढच्या तुकडीत धुक्याचा धडा अण्णांनीच द्यायचा, असं मॅडमनी तिथंच जाहीर केलं. त्या धड्याच्या रविवारी सहा नवी माणसं ओले कागद पुढ्यात घेऊन बसली आणि अण्णांचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला.

"मी सांगंस्तवर ब्रशला कुणी हात लावायचा न्हाय!"