पाटकरी मामांची काठी

पाटकरी मामा पाण्याबद्दल कधी खोटं बोलले नाहीत. बाकी बाबतीत त्यांचा भरवसा नव्हता. वडवणीच्या बाजारातून आणलेली म्हैस दोन वेळचं मिळून बारा लिटर देते म्हणून सांगायचे, आणि त्यांच्या घरी चहा कोरा मिळायचा. पण ओढ्यात पाणी किती, असं विचारलं की माणूस गंभीर व्हायचा. काठीच्या जेवढ्या खाचा भिजल्या तेवढ्याच सांगायचा.

काठी बाभळीची होती. गावाखाली ओढ्यात एक काळा दगड आहे, त्याला टेकवून रोज सकाळी ते ती पाण्यात उभी धरायचे. आमच्या पाणी वापर संस्थेचे ते पाटकरी. कोणी कधी मोटार चालू करायची, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. मी संस्थेचा चेअरमन. शिक्षण सहीपुरतं, पण चेअरमन.

माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या चढावर येत नाही. आमचा ओढा उन्हाळ्यात वाहायचा तो वरच्या तालुक्याच्या गावाच्या सांडपाण्यावर. दुष्काळात आजूबाजूचे ओढे आटले तरी आमच्याकडं धार असायची. वास यायचा, फेस यायचा. पण त्यावर कापूस निघायचा, वैरणीला कडवळ निघायचं, जनावरं दावणीला राहायची. एकदा मी त्या पाण्यावर मेथी करतो म्हणालो, तर मामांनी माझी पाण्याची पाळीच बंद केली. म्हणाले, "आपण खाईनात, मग बाजारातल्या लोकांनी कावून खायाची?" चेअरमनची पाळी बंद केली म्हणून गाव आठ दिवस हसत होतं.

मग योजना आली. वरच्या तीन गावांचं सांडपाणी पाइपातून एका मोठ्या केंद्रात न्यायचं, शुद्ध करायचं आणि तिथंच नदीत सोडायचं. ते केंद्र आमच्या गावाच्या पुष्कळ खाली. शुद्ध करायला आमची ना नव्हती. संस्थेनं अर्ज दिला की धुवा, पण धुतलेलं पाणी आमच्या ओढ्यात सोडा. उत्तर आलं की सांडपाणी वगळून ओढ्याचं स्वतःचं पाणी किती आहे ते मोजायला साहेब येतील, कमी निघालं तर विचार करू.

मला हे वाचून दाखवलं होतं. तरी माझ्या डोक्यात दुसरंच बसलं. करंगळीएवढी धार बघून साहेब म्हणणार, यावर कसली संस्था आणि कसला चेअरमन. पाहुणे येणार म्हटल्यावर घर सारवतात, तसं मी वरच्या बंधाऱ्याला फळ्या टाकून चार दिवस पाणी अडवलं. मामा घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"चेअरमन, दुखणेकऱ्याला दवाखान्यात न्यायचंय, आन् तुमी त्याला पावडर लावायलाव."

मी म्हणालो, "चेअरमन मी हाय का तू बे?"

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'बे' म्हणालो. ते काठी उचलून निघून गेले.

पाहणीच्या सकाळी मी फळ्या काढल्या. ओढा गुडघाभर वाहायला लागला. साहेबांनी यंत्र लावलं, आकडा लिहिला आणि सहज मामांना विचारलं, रोज एवढंच असतं का? मामांनी काठी पुढं केली.

"न्हाई साहेब. एरवी दोन खाचा असतंय. आज नऊ हायेत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसलो आणि साहेबांना सांगितलं की म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय, त्याला खाचा दिसत नाहीत. साहेबही हसले. मामांनी धोतराच्या सोग्यानं काठी पुसली आणि मागं सरकून उभे राहिले.

कागद आला. ओढ्याला स्वतःचं पाणी भरपूर आहे, सबब वेगळं पाणी सोडण्याची गरज नाही. पुढं पाइप पडले, केंद्र चालू झालं. आमचा ओढा संक्रांतीलाच आटायला लागला. ज्या घरांनी कोयता माळ्यावर टाकला होता, त्यांनी तो पुन्हा काढला. मामांचा लेक आणि सूनही टोळीबरोबर ऊसतोडीला गेले.

मामांनी मात्र मोजणं सोडलं नाही. तेच मला जड गेलं. ते रोज सकाळी कोरड्या दगडापाशी जायचे, काठी टेकवायचे, बघायचे आणि परत यायचे. एकदा न राहवून मी विचारलं, आता काय मोजता मामा? तर म्हणाले, "कोरडा हाय, हे बी कुणीतरी खरं सांगाया पायजे."

ते गेले तेव्हा लेक कारखान्याच्या फडात होता. तो येईपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसून होतो. दहावा झाल्यावर सून काठी घेऊन माझ्या दारात आली. "मामंजी म्हणले होते, चेअरमनला द्या." एवढंच बोलली.

आता दगडापाशी मी जातो. पुन्हा मोजणी व्हावी म्हणून परवा अर्ज दिला. आजवरचे सगळे अर्ज मी दुसऱ्याकडून लिहून घेतले, हा एकेक अक्षर विचारून स्वतः लिहिला. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं. त्या दिवशी फळ्या मी टाकल्या होत्या, हे त्यात लिहिलंय. आणि सहीच्या वर लिहिलंय की आमच्या पाटकऱ्याचे डोळे चांगले होते.