कापसाचे पांढरे ठिपके

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड कळत नाही — ऐका, एवढंच.

बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात मी कम्प्युटर लॅब सांभाळतो. मुलांचे प्रकल्प मी लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईसाठी लावून देतो. त्यात हाताने काही रंगवायचं नसतं. ठिपका कुठे, रंग कुठला — सूचना लिहायची, यंत्र मुकाट्याने तसं करतं. माझ्या कामात खोट निघत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. माज होता, दुसरं काय?

तुकईथडची वैशाली तेव्हा एमएस्सीला होती. शेतात टाकलेल्या खताचा अंश विहिरीच्या पाण्यात किती उतरतो, हे ती गावोगाव फिरून तपासत होती. पहिली विहीर तिच्या वडिलांचीच. सगळे आकडे एका निळ्या वहीत होते. वही माझ्या हातात देऊन ती म्हणाली, नकाशाच्या आकृतीत केळीच्या शेतातल्या विहिरी हिरव्या ठिपक्यांनी दाखवा. "आन् कापसाच्या सफेदच ठेवजा दादा. सगळ्यांले लगेच समजीन."

मी ठेवल्या. पांढऱ्या पडद्याने डोळ्यांना त्रास होतो म्हणून काम करताना मी पानामागे राखाडी रंग घालतो. त्यावर पांढरे ठिपके छान उठून दिसत होते. छपाईच्या आधी राखाडी काढला — आणि कोऱ्या कागदावर पांढरे ठिपके दिसणार कसे? भोवती काळी कड द्यायला हवी होती. मी छापलेली प्रत उघडूनही न पाहता बाइंडिंगला पाठवली. गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती चहा पिताना हसत सांगितली असती.

तोंडी परीक्षेला मी प्रोजेक्टर लावायला खोलीत होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या आकृतीचं पान उघडलं. मजकुरात दोन्ही पिकांच्या विहिरी, आकृतीत फक्त केळीच्या. कापसाकडे तू गेलीच नाहीस, घरी बसून लिहिलंस, असं ते म्हणाले. ती डगमगली नाही. म्हणाली, "सर, वही दादांजवळ आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मला तर पान बघताक्षणीच कळलं होतं. वही शेजारच्या खोलीत, माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण समोर विभागप्रमुख बसले होते, आणि माझी कंत्राटी नोकरी वाढवायच्या कागदावर त्याच आठवड्यात त्यांची सही व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही — डोक्यात काय होतं, ते सांगतोय.

"वही तर मी तिला परत दिली, सर," मी म्हणालो. "जेवढं दिलं, तेवढंच लावलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वही कुठे ठेवली, ते ती आठवू लागली होती.

प्रकल्प नाकारला गेला. तिला पुढे संशोधन करायचं होतं. पुन्हा एक वर्ष द्यायला घरचे तयार झाले नाहीत, आणि ते सगळं तिथेच थांबलं. माझी नोकरी वाढली.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

दोन वर्षांनी ती मला बसस्टँडवर भेटली. मी दुसरीकडे बघत होतो, तीच जवळ आली. म्हणाली, "दादा, वही माह्याकडूनच हरपली असीन. सगळ्यांसमोर तुमचं नाव उगाच घेतलं मी. माफ करजा."

तिथे ना परीक्षक होते, ना विभागप्रमुख. कुणाची भीती होती मला? एक वाक्य बोलायचं होतं — एकच.

"जाऊ दे," मी म्हणालो. "मी काही मनात ठेवलं नाही."

तिला किती हलकं वाटलं, ते मला दिसलं. ती बसमध्ये चढली. निळी वही त्या दिवशीही माझ्या ड्रॉवरमध्येच होती. अजून आहे.