सुकत घातलेला दात

आमच्या घराण्यात खारवलेल्या बांगड्यांच्या रांगेत वाळत घातला गेलेला पहिला मॅट्रिक मी. दुसरा अजून झालेला नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी शिरोड्याहून मुलीचे वडील मला बघायला यायचे होते, आणि आदल्या दिवशी मी जत्रेतल्या खाज्यावर (गुळाचा धोंडाच तो!) पुढचा दात मोडून घेतला. आधीची स्थळं पगारावरून मोडली होती. हे दातावरून मोडणार! मुलगी बघण्याचा नाही, पण स्वतःला दाखवून घेण्याचा मला अगदी कंटाळा आला होता.

सकाळीच मालवणच्या डॉक्टरने दातात सिमेंट भरलं. "घट्ट होईपर्यंत थुंकी लागू देऊ नका. कोरडं राहू द्या," तो म्हणाला. मी आईला सोबत नेलं होतं, तिथेच चुकलं.

"सिमेंटाक पाणी मारूचा लागता," घरी बाबा म्हणाले. त्यांनी नुकतीच नवी न्हाणी बांधून घेतली होती.

"डाक्टर सांगता कोरडा, आणि तुमी पाणी मारतास?" आई कडाडली. मग माझ्याकडे वळली. "उन्हात बस. बांगडे सुकतत, तुजो दात सुकूचो नाय? आणि बसतलंसच, तर कावळे पण हाकल. तोंड मिटू नको!"

अंगणातल्या खळ्यात खारवलेल्या बांगड्यांशेजारी मी काठी घेऊन आ वासून बसलो. उघड्या तोंडाने "हाड!" म्हणता येत नाही. मी "आ! आ!" करत राहिलो. कावळ्यांना ते आमंत्रण वाटलं!

तेवढ्यात एक टोपीवाले गृहस्थ खळ्यात शिरले. संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही म्हणून सकाळच्याच गाडीने आलेले मुलीचे वडील!

"नवरो खंय आसा?"

मी छातीवर बोट ठेवलं. "आ... आ..."

"मुको?"

आई धावत आली. "मुको नाय ओ! दात सुकूक घातलो आसा!"

मला राहवेना. मी "नमस्कार" म्हणायला गेलो. 'न'ला सिमेंट तडकलं, 'स्का'ला त्यांच्या पायाशी पडलं आणि एका कावळ्याने ते उचलून नेलं.

"तरी मी सांगी होतंय, पाणी मारा," बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी टोपी सारखी केली. गेलं हेही, मी मनात म्हटलं.

"बरो आसा," ते म्हणाले. "आयेन सांगल्यान म्हणान तोंड उघडा ठेवल्यान. बायकोन सांगल्यान तर बंद पण ठेवतलो."

लग्न झालं. हे सगळं बोलून न दाखवता मी लिहून का काढलं, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.