आधी त्याचं म्हणणं सांग

माझी आई अनुसया मध्य प्रदेशातल्या बालाघाटात विड्या वळायची आणि मोहल्ल्याची भांडणं मिटवायची. पहिलं काम पोटापायी, दुसरं स्वभावापायी.

भांडण सोडवायची तिची एकच अट होती. समोरच्याचं म्हणणं आधी तू सांग; तो "हौ" म्हणाला, मगच आपलं बोल. या अटीपुढे भल्याभल्या भांडकुदळ बाया घामाघूम व्हायच्या. शिव्या देणं सोपं असतं हो, पण दुसऱ्याची बाजू त्यालाच पटेल अशी मांडायची म्हणजे तोंडचं पाणी पळतं! पुष्कळ जणी "जाऊ दे ना बाई" म्हणून अर्ध्यातच घरी जायच्या. आई म्हणायची, मिटलं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात भांडण आमच्याच अंगणात आलं. आम्ही बौद्ध होऊन दीडएक वर्ष झालं होतं. वडील मी लहान असतानाच गेलेले. माझं लग्न हट्ट्याच्या तेजरामशी ठरलं, आणि त्याचे वडील सुखराम म्हणाले, लग्न नव्या रीतीनं, नवरी पांढऱ्या लुगड्यात. झालं! राजेगावचा माझा फकिरामामा ताडकन उठला.

"पांढरं? पोरगी सासरी चालली का मसनात?"

"मंग काय पिवळं नेसवून जुने देव वापस आनता?" सुखराम कडाडले.

यापायी लग्न दोनदा पुढं गेलं. आता नाही जमलं तर दुसरी पोरगी पाहू, असं सुखराम बोलून चुकले. इकडे माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी आईनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि स्वतः सूप मांडीवर घेऊन विड्या वळू लागली.

"फकिरा, यायले पांढरं काहून पायजे, तू सांग."

मामा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा डोकं खाजवत म्हणाला, "यायले वाटते, आपुन एकदा सारं सोडलं, आता लगनात मागं वळून पाहू नये."

"हौ," सुखराम म्हणाले. त्यांना नवलच वाटलं.

मग त्यांची पाळी. "हा जुन्या देवायले भेते."

"नाही!"

"लोकायले भेते."

"नाही म्हनतो ना!"

मामाच्या मांडीवर एक गाठोडं होतं. आल्यापासून त्यानं ते खाली ठेवलं नव्हतं. सुखराम त्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "नवरीचं पिवळं लुगडं मामा आनते. पांढरं म्हटलं, त याले वाटलं, आता आपलं कामच सरलं."

"हौ!" मामा ओरडला आणि भोकाड पसरून रडायला लागला.

आता मिटायला हवं होतं ना? कसचं काय! सुखराम म्हणाले, "मंग पिवळंच नेसवा. मामाचं मन नाही मोडाचं."

"वा रे वा! पांढरंच! मी सोता आनतो!"

"पिवळं!"

"पांढरं!"

दोघं पुन्हा हमरीतुमरीवर आले, फक्त बाजू बदलून. आई इतकी हसली की सूप कलंडलं आणि तंबाखू अंगणभर झाली. मलाही हसू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. दाराआडून ऐकत होते, ती मी सरळ बाहेर आले.

"माय, आता माह्यं म्हननं तू सांग."

"त्यात काय? तुले पिवळं पायजे."

"नाही."

"पांढरं?"

"नाही."

"पोरगा पसंत नाही का?"

"नाही, नाही! तसं नाही!"

आईचं हसू विरलं. मोहल्लाभराचं ऐकून घेणाऱ्या माझ्या आईनं मला अजून काही विचारलंच नव्हतं, हे त्या क्षणी आम्हा दोघींनाही कळलं.

"मले नाही ठाऊक, आनंदे," ती म्हणाली.

"हौ," मी म्हणाले. मग पाळी माझी होती. "लुगडं कोनतंही आना. लगन येत्या रविवारी करा. मले तो लय आवडते."

मामानं जीभ चावली. सुखराम उगाच आभाळाकडे बघू लागले. आईनं हातातलं पान खाली ठेवलं.

"लुगडं कोनतंही चालते. लगन रविवारीच पायजे. अन् तो तुले लय आवडते," एकेक शब्द जपून ती म्हणाली, आणि मी "हौ" म्हणेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.