भावोजींसमोर आभारप्रदर्शन

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचा कार्यक्रम कुणीही बसवो, शेवटी आभार मीच मानते. माईकवाल्यापासून चपला सांभाळणाऱ्या काकांपर्यंत, पोलीस, पालिका, कुणालाही सोडत नाही. लोकांचे डोळे जेवणाकडे लागलेले असताना माईक धरून ठेवण्यात जे सुख आहे, ते जेवणातही नाही.

म्हणून भाचीने बोलावलं तेव्हा मी थेट पैठणीच काढली. भाची मुनिरक्याला खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करते, अशी तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या भावोजींची समजूत होती. ती करत होती प्रायोगिक सिनेमे. हे फुटल्यावर भावोजींनी, जन्मभर सरकारी फायली हाताळलेल्या माणसाने, निर्णय राखून ठेवला. महोत्सवात तिचा सिनेमा बघतो, मग खोली ठेवायची की सामान उचलायचं ते सांगतो, म्हणाले.

"मावशी, यार, शेवटी दोन शब्द तू बोल," भाची म्हणाली. "घरचं कुणी स्टेजवर दिसलं की बाबांना तो गुन्हा वाटणार नाही."

सिनेमाभर एकच भिंत होती, वस्ती पाडल्यावर उरलेली. तिच्यावर चुलीचा काळा डाग, कॅलेंडरचा खिळा. मागे बुलडोझरचा आवाज. मला खिळा फार आवडला. मग चर्चा. भाचीच्या दोन बाजूंना दोन दाढीवाले दिग्दर्शक. एक म्हणाला, कॅमेरा म्हणजेच सत्ता. दुसरा म्हणाला, कॅमेरा न चालवणं हाच खरा विरोध, आणि कित्येक वर्षांत त्याने तो चालवलेला नाही. भाचीकडे माईक आला तेव्हा तिने तो तसाच पुन्हा दाढीकडे सरकवला. दुसऱ्या रांगेत भावोजींनी चष्मा काढून डबीत ठेवला. बैठक संपल्याची त्यांची ही खूण मी ओळखते.

मी उठलेच. माईक हाती आला की माझी जीभ कुणाची वाट बघत नाही. आयोजक झाले, सभागृह झालं, चहावाले झाले. "और हमारी पुलिस और नगरपालिका," मी खणखणीत हिंदीत म्हटलं, "जिनके सहयोग के बिना यह संभव ही नहीं था।"

मग मला भिंत आठवली.

भाचीने डोळे मिटले. आणि दुसऱ्या रांगेतून कुकरची पहिली शिट्टी व्हावी तसा आवाज आला. भावोजी हसत होते. लग्नातल्या फोटोंनंतर त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह फुटलं. एका दाढीने नंतर माझा हात हातात घेऊन सांगितलं की, इतका धारदार उपरोध त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मी विनयाने मान झुकवली.

बाहेर चहा घेताना भाचीने भीत भीत विचारलं, "बाबा, सामान कधी बांधू?"

भावोजींनी बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे वळले. "तुमची भाषा ठीक होती, पण यादी फारच अपुरी. एवढ्या दोघांनी वस्ती पडत नाही. पुढच्या सिनेमाला आभार मी मानतो. मला खाती जास्त माहीत आहेत."