ह्यांना बुडू दिलं नाही मी

नवऱ्याला बुडू दिलं नाही म्हणून चारचौघांत बोलणी खाल्लेली बाई तुम्ही पाहिलीय कधी? नाही ना? मग मला नीट बघून घ्या. अन् चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

आमचे हे गोताखोर, पाणबुडे म्हणा. आधी मिलमध्ये फिटर होते, अन् सुटीच्या दिवशी शौक म्हणून एका ठेकेदाराबरोबर तलावात उतरायचे. अंगात काळा रबरी सूट, पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी. तळाशी जाऊन पाणी सोडायच्या दाराची जाळी साफ करायची. पोहणं सासऱ्यांनी शिकवलेलं, ते महूला फौजेत होते. मग मिल बंद पडली अन् जो शौक होता तोच पोटाचा धंदा झाला.

बरं चाललं होतं हो! पण शेजारी केबल आली, अन् आमच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. हे गच्चीच्या कठड्यावर चढून अँटिना फिरवत होते अन् मी खालून ओरडत होते, "अजून थोडं डावीकडे! अजून थोडं!" हे डावीकडे सरकले. चित्र एकदम साफ आलं. अन् खिडकीतून हे खाली जाताना दिसले.

मणक्याला तडा! तेव्हा पिंकी माझ्या पोटात होती. ती जन्मली, पालथी पडायला शिकली, तरी ह्यांना कुशीवर वळायला माझा हात लागायचा. पण कधी चिडले नाहीत बिचारे. पडल्यापडल्या छताकडे बघून म्हणायचे, "सुनंदा, तलावात आता पाणी किती असेल गं?"

शेवटी तुकोगंजच्या डॉक्टरांनी हो म्हटलं. "पाण्यात उतरा. पण पाठीला झटका नको. अन् वजन तर अजिबात नको." ह्यांनी त्यातलं फक्त पहिलं ऐकलं. मी फक्त शेवटचं.

ठेकेदारसाब म्हणाले, "देखो भिया, एक बार उतर के दिखा दो. जम गया तो काम तुम्हारा. नी तो अपन उज्जैन से आदमी बुला लेंगे." मिल गेलेली, घरात तान्ही पोर. दुसरं काम कुठलं? सगळं त्या एका बुडीवर होतं.

त्या दिवशी पहाटेच उठून मी ह्यांचं सामान बांधायला घेतलं. सूट ठेवला, काचेचा चष्मा ठेवला. मग त्यांचा कंबरपट्टा उचलला अन् माझ्या हाताला हिसकाच बसला. बघते तर काय, पट्ट्याला कप्पे, अन् कप्प्याकप्प्यात शिशाचे ठोकळे! मला तर घामच फुटला. डॉक्टर म्हणतायत वजन नको, अन् हा माणूस तुटक्या कमरेला शिसं बांधून पाण्यात जाणार? बुडण्याचीच तयारी की ही!

मी सातवी शिकलेली बाई. शिसं पाण्यात टाकलं की बुडतं, एवढं मला कळतं. ते नवऱ्याला कशाला बांधायचं, ते काही कळेना.

मग काय केलं? बहुतेक ठोकळे काढले अन् त्या जागी पिंकीच्या लंगोटांच्या छान मऊ घड्या कोंबल्या. कमरेला टोचायला नको! तेवढ्यात सासूबाईंची चाहूल लागली. त्यांना मी आत्या म्हणते. घाईघाईत ठोकळे लपवले ते पिंकीच्या झोळ्यात, दुधाच्या बाटलीखाली.

ठेकेदारांच्या मॅटाडोरमधून आम्ही बेटम्याच्या बाजूला निघालो. आत्यांनी झोळा उचलून बघितला.

"काय गं, जन्माचं सामान घेतलंस का?"

"बाटली आहे आत्या."

"बाटली आहे का बाटलीवाला?"

तलावावर ह्यांनी सूट चढवला, टाकी लावली, पट्टा बांधला. अन् एकदम त्यांचा चेहरा उजळला. "सुनंदा! अगं पट्टा किती हलका लागतोय आज! पाठ बरी झाली गं माझी!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, बघा, बायको असावी तर अशी.

हे पाण्यात उतरले. डोकं खाली घातलं. पाय वर आले. पाय गेले, डोकं वर आलं. परत डोकं खाली, परत पाय वर. बदक कसं चिखलात चोच घालतं, अगदी तसं.

मी काठावरून आत्यांना म्हणाले, "बघा, किती छान तरंगतायत! जराही बुडत नाहीत!"

ठेकेदारसाबनी माझ्याकडे असं बघितलं! मग ओरडले, "क्या भिया, क्या कर रिये हो? नीचे जाओ, नीचे!"

"जा रहा हूँ साब!" नळी बाजूला करून हे म्हणाले, ती परत तोंडात घातली अन् पुन्हा गोल फिरून वर. तेवढ्यात पट्ट्यातून काहीतरी पांढरं सुटलं. मग अजून एक. गावाला पाणी प्यायला जातं तो तलाव, अन् त्यावर आमच्या पिंकीचे लंगोट रांगेनं चाललेले!

"ये क्या निकल रिया है इसमें से?" ठेकेदारसाब डोळे फाडून बघत होते. "पट्टी खुल गई क्या कमर की? छोड़ो भिया, तुमसे नी होगा. शरीर डर गया है तुम्हारा. मैं उज्जैन फोन लगाता हूँ."

ह्यांनी तोंडातली नळी काढली. मला वाटलं भांडतील. पण नाही. तसंच पाण्यावर पडून एकदा माझ्याकडे बघितलं अन् मान खाली घातली. बिछान्यावरसुद्धा कधी इतके पडलेले दिसले नव्हते हो ते.

मी घाबरत विचारलं, "साब, इनको डूबना था क्या?"

"तो क्या नहाने आए हैं भाभीजी? वो रबर का सूट आदमी को ऊपर फेंकता है. इसीलिए तो कमर में सीसा बाँधते हैं!"

अहो, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. अन् पुढच्या क्षणी खरोखरच सरकली! पिंकी आत्यांकडे होती. झोळा मी गळ्यात अडकवला, "अहो थांबा, शिसं माझ्याकडे आहे!" असं ओरडत पायऱ्या उतरले, शेवाळावर पाय पडला, अन् गेले ना मी सरळ आत!

अन् काय सांगू, हे इतका वेळ धडपडत होते, पण मी? एका झटक्यात तळाकडे! गळ्यात शिसं होतं ना! गोताखोरानं बघून शिकावं अशी बुडी मारली मी.

कुणीतरी दंडाला धरलं. हेच होते. वरून हात खाली घालून त्यांनी मला ओढलं, अन् तो सूट बुडू देईना म्हणून आम्ही दोघंही वर. मी त्यांच्या गळ्यात हात टाकले अन् बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली. ह्यांनी मला तशीच उचलली, ओली साडी, झोळा, शिसं, बाटली सगळ्यासकट, अन् पायऱ्या चढून काठावर आणून ठेवली.

ठेवली अन् मग सगळ्यांना एकदम आठवलं. ह्यांची पाठ!

ठेकेदारसाब हळूच म्हणाले, "भिया... दर्द हो रिया है क्या?"

हे सरळ उभे राहिले. जरा डावीकडे वळले, जरा उजवीकडे. "पीठ में आराम है साब. कान सुन्न हो गए हैं."

आत्यांनी झोळा उलटा केला. दुधात भिजलेलं शिसं धडाधड बाहेर पडलं.  मग हे जे हसायला लागले, ते पोट धरून! ठोकळे एकेक करून पट्ट्यात भरले, अन् माझ्या डोक्यावर टपली मारून परत पाण्यात गेले.

या वेळी डोकं गेलं, पाय गेले, पाणी मिटलं. नुसते बुडबुडे.

आत्या पिंकीला घेऊन नाचायलाच लागल्या, "बुडाला गं! बुडाला माझा बाबू!" अन् मी, जिनं पहाटेपासून त्यांना बुडू द्यायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला, तीच पदर पिळत देवासारखे ते बुडबुडे बघत बसले.

हे जाळी साफ करून वर आले. हातात शेवाळाचा हा एवढा गोळा, अन् चेहरा लग्नातल्यासारखा. ठेकेदारसाबनी पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग आठवण होऊन खांद्यावर ठेवला.

"सोमवार से आ जाना भिया."

मग माझ्याकडे बघितलं, पाण्यातून वेचून काठावर वाळत घातलेल्या लंगोटांकडे बघितलं, अन् म्हणाले, "अकेले."