दोनशे सहा तास

इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत दिव्या खानविलकरला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. खरं तर विमान कंपनीत नोकरी लागली असती, तरी पहिली काही वर्षं ती कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसली असती. पण सोसायटीला एवढा धीर कुठला! त्यात तिचे वडील धर्माजी. मूळचे रत्नागिरीचे, लालबाग सोडून इथे आलेले. खाली बाकावर बसून भेटेल त्याला सांगायचे, “आमची पोरगी पुढच्या महिन्यात जॉइन होतेय.”

दिव्याकडे लायसन्स होतं आणि दोनशे सहा तासांचं उड्डाण. एवढे तास लायसन्सला पुरतात, नोकरीला नाही. २००७ साली ती शिकायला गेली तेव्हा कंपन्या पायलट शोधत फिरत होत्या. ती परत येईतो मंदी आली आणि हजारो तास विमान उडवलेली माणसंही घरी बसली. एका कंपनीची लेखी परीक्षा ती पास झाली होती, पण ती भरतीच आठ महिन्यांपूर्वी रद्द झाली. पास झाल्याचं तेवढं घरी माहीत होतं; भरती रद्द झाल्याचं तिने सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

दूध आणायला ती भर दुपारी उतरायची, म्हणजे जिन्यात कोणी भेटायला नको. बरोबर शिकलेल्या मुलींचे फोनही थांबले होते. ‘तुझं काही झालं का?’ हे विचारायची प्रत्येकीलाच धास्ती. घरात माणसं होती, तरी दिव्या फार एकटी पडली होती.

एका रविवारी सकाळी सेक्रेटरी पंढरीनाथ वर आले. मुलीच्या, रुचिताच्या पायलट कोर्सच्या ॲडमिशनचा फॉर्म हातात.

“उद्या भरतोय. कोर्स झाला की लगेच जॉब, असं तिथले सर बोलले. कॅप्टन, तू फक्त हो बोल.”

“अहो, हिचंच बघा ना,” धर्माजी खुलून म्हणाले, “पुढच्या महिन्यात...”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण दिव्या म्हणाली,

“नाही काका. लगेच नाही मिळत नोकरी. मला परत येऊन दीड वर्ष झालं, अजून नाही मिळाली. रुचिताला शिकू दे, पण हे माहीत असू दे.”

पंढरीनाथांनी फॉर्मची घडी घातली. “म्हणजे आमच्या पोरीने करू नये, असंच ना?” असं काहीसं पुटपुटत ते उतरून गेले. त्यांच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला.

धर्माजींनी दिव्याकडे वळून विचारलं,

“आणि ती परीक्षा? पुढचा महिना?”

“भरती रद्द झाली, बाबा. आठ महिने झाले.”

आता ते भडकणार, असं तिला वाटलं. ते उठून तिच्या शेजारी येऊन बसले.

“आठ महिने?” ते म्हणाले. “आणि मी रोज खाली बसून तुझ्यावर आणखी ओझं टाकत होतो.”